पाडस हललं नाही, म्हणजे त्याने परवानगी दिली का?



सुट्ट्या लागल्या की आपल्या कडोदऱ्यातली बरीच कुटुंबं जंगल बघायला निघतात. चार रस्त्यावरून बारडोली, व्यारा करत कोणी डांगातल्या महालला जातं, कोणी नवसारी जिल्ह्यातल्या वांसदा राष्ट्रीय उद्यानात. मिलचा भोंगा, ट्रकची रांग आणि रंगाचा वास यातून दोन दिवस सुटका होते. आणि मग ग्रुपवर फोटो येऊ लागतात. त्यात हरणाचं पाडस असलं की काय विचारता! "किती गोड", "माऊलीची लीला", हात जोडलेले, फुलं वाहिलेली.

यावरूनच आमच्या महिला सत्संगात एक प्रश्न निघाला. पाडसाचा फोटो काढणं ही हिंसा आहे का? बाण मारला नाही, दगड मारला नाही, हातसुद्धा लावला नाही. मग दोष कसला? आम्ही यावर पुष्कळ बोललो, थोडं वाचलं, आणि जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी कॅमेऱ्याच्या बाजूने बोलू, कारण न्याय दोन्हीकडून हवा. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात मोठे लोक जंगलात जायचे ते बंदूक घेऊन. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढायचा ही तेव्हाची हौस. त्याच काळात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला आणि जिवंत वाघांचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे येणं हे अहिंसेकडे टाकलेलं पाऊलच होतं. आजही आपल्या मुलांना चितळ कसं दिसतं, भेकर कसं दिसतं, हे फोटोमुळेच कळतं. म्हणून फोटोला सरसकट पाप म्हणणं बरोबर नाही.

मग अडतं कुठे? पाडसापाशी अडतं.

नुकतं जन्मलेलं चितळाचं पाडस आईबरोबर पळू शकत नाही. म्हणून पहिले काही दिवस आई त्याला गवतात, झुडपात लपवून ठेवते आणि स्वतः थोडं दूर चरते. अधूनमधून येते, दूध पाजते, परत जाते. पाडसाचा बचाव एकच, हलायचं नाही. अंगावरचे पांढरे ठिपके उन्हा-सावलीत मिसळून जातात आणि ते जमिनीला चिकटून गप्प पडून राहतं. आपण जवळ गेलो तरी ते पळत नाही. आपल्याला वाटतं, "बघा, आपल्याला घाबरलंसुद्धा नाही! ओळखतंय जणू." खरं तर ते जीव मुठीत धरून बसलेलं असतं. आणि त्याची आई? ती जाळीत उभी राहून आपण कधी जातो याची वाट बघत असते. आपण तिथे जितका वेळ थांबू, तितकं तिचं दूध पाजणं लांबतं. घोळका जमला, गवत तुडवलं, तर लपायची जागाही उघडी पडते.

म्हणजे हात न लावताही काहीतरी घेतलंच ना आपण? पाडसाची लपण्याची जागा घेतली, त्याच्या आईची वेळ घेतली.

महाशिवरात्रीची कथा आपल्या घराघरात वाचली जाते. शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात व्याध बाण रोखून बसलेला असतो आणि हरिणी त्याला विनवते. व्याध ऐकतो आणि तिला जाऊ देतो, तिथूनच त्याचा उद्धार सुरू होतो. त्या हरिणीला बोलता येत होतं. वांसद्याच्या हरिणीला आपली भाषा येत नाही. तिचं न बोललेलं ऐकायचं असेल तर आपल्यालाच थांबावं लागेल.

भागवतातली भरत राजाची कथाही आठवा. त्याने पाडस उचललं, कारण त्याची आई खरोखर मेली होती. ती दया होती, तरी पुढे तिची आसक्ती झाली आणि राजाला हरणाचा जन्म घ्यावा लागला. इथे तर आई जिवंत आहे, जवळच आहे. "बिचारं एकटं आहे" म्हणून उचलून मांडीवर घेणं, बाटलीने दूध पाजणं आणि त्याचा व्हिडिओ करणं, याला दया कसं म्हणायचं?

कायदाही काही वेगळं सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात प्राण्याला छेडणं, त्रास देणं मना आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या विदर्भातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन भागात मोबाईल वापरायला मनाई केली. त्या गाड्यांतल्या लोकांनीही कुणाला हात लावला नव्हता. आणि वाघिणीसाठी निदान बातमी होते, न्यायालय उठतं. हरिणीसाठी कोण उठणार? तिथे आपलं मनच न्यायाधीश.

आम्हाला यातून एक गोष्ट कळली. जो "नको" म्हणू शकत नाही, त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नये. ही गोष्ट जंगलापुरती नाही. आपण अन्नदान करतो, थंडीत ब्लँकेट वाटतो, तेव्हा घेणारा मान खाली घालून उभा असतो आणि आपण मोबाईल वर धरतो. तो काही बोलत नाही. दवाखान्यात नळ्या लावलेल्या आजोबांचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, तेही काही बोलत नाहीत. पाडसाचं गप्प बसणं आणि यांचं गप्प बसणं यात फार फरक आहे का? सेवा करताना समोरच्याची लाज झाकायची, की तिचा फोटो काढायचा?

म्हणून आम्ही काही नियम ठरवले आहेत. जंगलात रस्त्यावरून, गाडीतूनच बघायचं. कळप निवांत चरत असेल तर एखादा फोटो जरूर घ्यावा. माना वर झाल्या, कान आपल्याकडे वळले, पुढचा पाय जमिनीवर आपटला की समजायचं, हरणं "बास" म्हणताहेत. मग मोबाईल खाली. गवतात लपलेलं पाडस दिसलं तर फोटो नाही, हाका मारून इतरांना बोलावणं नाही, लगेच मागे फिरायचं. ते जखमी दिसलं तर स्वतः न उचलता वनरक्षकाला सांगायचं. आणि पाडस कुठे दिसलं ती जागा ग्रुपवर टाकायची नाही. मुलं विचारतील, "आई, फोटो का नाही काढला?" तेव्हा आईची आणि पाडसाची ही गोष्ट त्यांना सांगा. फोटो महिन्याभरात विसरला जातो, अशी गोष्ट मुलं जन्मभर लक्षात ठेवतात.

देवळात आपण दर्शन घेतो, पण मूर्ती काही घरी आणत नाही. डोळे भरून बघतो आणि मागच्या माणसाला जागा करून देतो. जंगलात आपल्या मागे पाडसाची आई उभी असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आपापल्या घरी यावर जरूर बोला. कोणाचं मत वेगळं असेल तर सत्संगात मोकळेपणाने मांडा.

सद्गुरुचरणी सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना.