सेवा : देणाऱ्याची हौस आणि घेणाऱ्याची गरज

आषाढी वारी आटोपून पंढरपुराहून परतणारी श्री संत गजानन महाराजांची पालखी खामगावी मुक्कामास येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेगावकडे प्रस्थान ठेवते. खामगाव ते शेगाव हे अंतर सुमारे १७ किलोमीटरचे. ज्यांना पंढरपूरपर्यंतची पायी वारी घडत नाही, असे असंख्य भाविक निदान एवढी वाट तरी पालखीसोबत चालावी या ओढीने खामगावी येतात. त्या दिवशी या रस्त्याचे रूप पालटून जाते. दुतर्फा मंडप उभे असतात. कोठे चहा, कोठे पोहे, कोठे साबुदाण्याची खिचडी, कोठे केळी, तर कोठे थंड पाणी. कोणी थकलेल्या पायांना तेल चोळतो, कोणी फोडांवर मलमपट्टी करतो. व्यापारी, हमाल, विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी असे सारे आपापल्या परीने हात लावतात. या वाटेवर उपाशी राहण्याची सोयच नाही, असे भाविक कौतुकाने म्हणतात, आणि ते खरेच आहे.

या दृश्याने मन भरून येते. तथापि याच दृश्यातून एक प्रश्नही उभा राहतो, आणि श्रद्धेला बाध न आणता त्याचा विचार करणे आवश्यक आहे. तीन ठिकाणी चहा घेऊन झालेल्या यात्रेकरूसमोर चौथा प्याला येतो. त्याला तहान नसते, परंतु देणाऱ्याचा हात जोडलेला असतो. नको म्हणवत नाही, म्हणून तो प्याला घेतो. त्या क्षणी सेवा कोण कोणाची करीत असतो? आणि पालखी पुढे निघून गेल्यावर रस्त्याच्या कडेला द्रोण, पत्रावळी व कागदी पेल्यांचे जे ढीग उरतात, ते उचलणाऱ्याचे काम सेवेच्या कोणत्या खात्यात मांडायचे?

येथे कोणाच्याही भावनेला उणेपणा देण्याचा हेतू नाही. वर्षभर रोजंदारी करणारा माणूस एक दिवसाची मजुरी सोडून रस्त्यावर पाण्याची घागर घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या त्या घागरीची किंमत कोणी करू नये. भाव हा सेवेचा प्राणच आहे. परंतु केवळ प्राणाने कार्य होत नाही. त्याला हात, पाय आणि डोळेही लागतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाच्या लक्षणांत परतफेडीची अपेक्षा नसणे हे जसे आहे, तसेच देश, काळ आणि पात्र यांचा विचारही आहे. पहिले लक्षण आपल्या अंतःकरणाकडे पाहावयास लावते. दुसरे समोरच्या माणसाकडे. आपल्यापैकी पुष्कळ जण पहिल्याचे चिंतन करतात आणि दुसरे विसरतात. योग्य ठिकाण कोणते, योग्य वेळ कोणती, खरी निकड कोणाची, हे पाहिल्यावाचून केलेले दान देणाऱ्याला समाधान देते, पण घेणाऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

या विषयात आपल्या वऱ्हाडाला मोठा गुरू लाभला आहे. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. यात्रेकरूंच्या पायाखालचा चिखल बाबांना दिसला. देवाच्या दर्शनाला सारेच येत होते. वाट नीट करायला कोणी आले नव्हते. ते काम बाबांनी हाती घेतले आणि पुढे तेथे घाट उभा राहिला. पंढरपुरी लाखो लोक विठ्ठलाच्या दर्शनासाठी रांगेत उभे असताना बाबा चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. गावात गेले की आधी खराटा, मग भाकर आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम होता. यात्रेकरूंना निवारा नाही हे पाहून त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. आणि मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या परगावच्या रुग्णांच्या नातलगांना आसरा नाही हे ध्यानात येताच तेथेही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. रुग्णासाठी डॉक्टर होते, औषध होते; रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकवायची, हा विचार कोणी केला नव्हता.

बाबांच्या या सर्व कार्यात एक सूत्र दिसते. मला काय देता येईल, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला नाही. येथे कोणते काम उरले आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. जे काम सर्वांना हवेहवेसे वाटते तेथे हात पुष्कळ असतात. जे कोणालाच नको असते ते उरते. सेवेची खरी जागा बहुधा त्या उरलेल्या कामातच असते.

हेच तत्त्व संस्थेच्या पातळीवर पाहावयाचे असेल तर दूर जावे लागत नाही. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानाची स्थापना १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच झाली. आज तेथे गावोगावचे हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनामूल्य सेवा देतात. बाहेरून येणाऱ्या भाविकाला स्वच्छता दिसते, शिस्त दिसते, ‘माऊली’ अशी गोड हाक ऐकू येते. पण त्यामागील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सेवेकऱ्याने कोणते काम करावे हे त्याच्या आवडीवर सोडलेले नसते. गावी जो शेतकरी दहा माणसांना कामाला लावतो, तो येथे पादत्राणे सांभाळतो, फरशी पुसतो किंवा उष्टी ताटे उचलतो. काम नेमून दिलेले असल्यामुळे कोणतेही काम उरत नाही आणि कोणत्याही कामावर कोणाचा अधिकारही राहत नाही. ‘मी सेवा केली’ या अहंकाराला तेथे बसायला पाट मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, १९६५ साली प. पू. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या हिवरा आश्रम येथील विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो भाविकांची एकाच वेळी पंगत बसते. पुरी व वांग्याच्या भाजीचा तो महाप्रसाद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणून वाढला जातो. नियोजन नसते तर तेवढ्याच भक्तिभावाने केवळ गोंधळ झाला असता.

सेवेचा विचार करताना काळाचे भान किती महत्त्वाचे आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रक्तदान. पुण्यतिथी, जयंती वा उत्सवाच्या निमित्ताने शिबिरे भरतात आणि शेकडो दाते एकाच दिवशी रक्त देतात. हे स्तुत्यच आहे. परंतु रक्त हे धान्यासारखे कोठारात भरून ठेवता येत नाही. तांबड्या पेशी साधारणतः ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि बिंबिका, ज्यांना रुग्णालयात प्लेटलेट म्हणतात, त्या अवघे ५ दिवस. उलट थॅलेसेमिया झालेल्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याला उत्सवाची तिथी ठाऊक नसते. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, ऊन तापते, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्यांना टंचाई जाणवते. म्हणून जो दाता रक्तपेढीत जाऊन ‘तुम्हाला गरज भासेल तेव्हा कळवा, मी येईन’ असे सांगून ठेवतो, त्याचे दान तेवढेच असूनही अधिक फलदायी ठरते. सर्वसाधारणपणे १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. पुरुषांना तीन महिन्यांच्या आणि स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने.

देश आणि काळ यांनंतर उरतो तो पात्राचा विचार, आणि तो सर्वांत नाजूक आहे. पात्र याचा अर्थ लायक माणूस निवडणे एवढाच घेतला तर देणारा न्यायाधीश होऊन बसतो. घेणाऱ्याचे माणूसपण जपणे, हा त्याचा खोल अर्थ आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरुग्णाला भीक देणारे लोक तेव्हाही होते. बाबांनी त्याच्या हाती काम दिले. ज्यांच्या बोटांची शक्ती गेली होती त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, घरे बांधली. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले आणि रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केले. दूरदेशीची तरुण माणसे या रुग्णांसोबत राहतात, जेवतात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीतीही ओसरू लागली. विटा आणि चुन्याची इमारत झाली, तिच्याहूनही हा लाभ मोठा होता. वरून टाकलेली मदत घेणाऱ्याचा हात खाली ठेवते. शेजारी उभे राहून केलेले काम त्याला आपल्या बरोबरीला आणते. अन्नाचे पाकीट देताना छायाचित्रासाठी थांबवून ठेवलेला म्हातारा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पोटाची भूक भागते, पण त्याच्या मानेवर जे ओझे चढते त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

येथे कोणी विचारील, ‘इतका विचार करीत बसलो तर हातून काहीच घडणार नाही. त्यापेक्षा जमेल ते, जमेल तेव्हा करावे.’ हा आक्षेप रास्त आहे. पूर्ण ज्ञान झाल्यावरच सेवा करावी असे म्हटले तर कोणीच आरंभ करणार नाही. परंतु आरंभ करणे आणि आरंभावरच थांबणे यांत अंतर आहे. चहाचा प्याला हा चांगला आरंभ आहे. पुढील वर्षी त्याच मंडपातील चार तरुणांनी चहाऐवजी पोती व खराटे घेऊन पालखीच्या मागून चालावे, ही त्याची प्रगती आहे. आणि गरज ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही; विचारावे लागते, एवढेच. रुग्णालयात जाऊन तेथील परिचारिकेला, शाळेत जाऊन गुरुजींना, वस्तीवर जाऊन तेथील बाईला ‘तुम्हाला कशाची अडचण आहे?’ असे विचारले की उत्तर मिळते. ते पुष्कळदा आपल्या कल्पनेहून वेगळे असते. आपण ब्लँकेट घेऊन गेलेलो असतो, आणि गरज असते ती वृद्ध पित्याला तालुक्याच्या कचेरीत घेऊन जाऊन त्याचा अर्ज भरून देणाऱ्याची.

यात्रेकरू भाविकांनी या दृष्टीने काही लहान गोष्टी अंगीकाराव्यात, अशी विनंती आहे. चालताना आपला पेला व ताटली सोबत ठेवावी. पोट भरले असेल तर हात जोडून प्रेमाने नकार द्यावा. तो अनादर होत नाही. अन्न पानात टाकू नये. महाराष्ट्रात प्लॅस्टिक व थर्माकोलची ताटे-पेले २०१८ पासून बंद झाले आहेत. मंडप घालणाऱ्यांनी पळसाच्या पत्रावळी व द्रोण वापरावेत आणि जेवढे मंडप, तेवढे कचरा गोळा करणारे हात आधी नेमावेत. ज्यांना वेळ देता येतो त्यांनी वर्षातून एक मोठा दिवस देण्यापेक्षा महिन्यातून एक लहान दिवस नियमाने द्यावा. नियमित येणाऱ्या माणसावरच कोणी विसंबू शकते. दानशूर मंडळींनी देणगी देताना, आपले नाव कोरले जाईल अशा पायरीबरोबरच, जेथे नाव लिहिताच येत नाही अशा खर्चाचाही विचार करावा. शौचालयाची रोजची सफाई, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, रुग्णाच्या सोबत्याचे जेवण हे ते खर्च होत.

देवाच्या दारी आपण सारेच काही मागायला येतो. परत जाताना आपल्या गावी, आपल्या गल्लीत कोणते काम उरले आहे, एवढे पाहण्याची दृष्टी प्रत्येकास लाभो आणि ते काम करण्याचे बळही लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.