पावसाळ्यातले हातमोजे

चि. तन्वी,

मुळशीतल्या माणला आयटी पार्क फेज तीनच्या ऑफिसात रुजू झालीस आणि गाडीसाठी चामड्याचे हातमोजे घेतलेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं केलंस. गाडीवरून पडताना माणूस आधी तळहात टेकतो. पण हे मोजे मुळशीच्या पावसात वापरायचे आहेत. माझी सगळी नोकरी वेल्डिंग खात्यात चामडी मोज्यांत गेली, तेव्हा चार गोष्टी हक्कानं सांगतो.

घोटवडे, पौड करत ताम्हिणीला जाऊन आलीस की मोजे चिंब होणारच. ते पिळू नकोस. कोरड्या पंचात दाबून पाणी टिपून घे, बोटं सरळ कर, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भर आणि पंख्याखाली ठेव. बोळे भिजले की बदल. सकाळी लवकर निघायचं म्हणून हेअर ड्रायर मारू नकोस, गरम सायलेन्सरवर किंवा कडक उन्हात ठेवू नकोस. चामडं कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून त्याचे तंतू एकमेकांवर सरकतात. ओलं चामडं एकदम तापलं की आक्रसतं, तंतू चिकटतात आणि मोजा पापडासारखा कडक होतो. थोडी ओल शिल्लक असताना मोजे घालून मुठी उघडमीट कर. बोटांचा आकार राहतो.

चिखल वाळू दे, मग मऊ ब्रशनं झाड. उरलेला मळ ओलसर फडक्यानं आणि चामड्याच्या साबणानं पूस. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, चामड्याला ती मानवत नाही. पेट्रोलनं डाग जातो, पण मुरलेलं तेलही जातं. पूर्ण वाळल्यावर लेदर क्रीम अगदी थोडं, फडक्यावर घेऊन लाव. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या जाड कोल्हापुरी चपलेला तेल पचतं. पण म्हणून पातळ मोज्याला खोबरेल चोळायला जाऊ नकोस. तळवा तेलकट झाला तर ॲक्सिलरेटरवर पकड राहत नाही. स्वेडला क्रीमही नको, नुसता ब्रश.

जुलै-ऑगस्टात खरी भीती बुरशीची. ओले मोजे गाडीच्या डिकीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिले की पांढरी बुरशी धरते. ती घराबाहेर झटक, आणि पुढे मोजे सुती पिशवीत, हवेशीर जागी ठेव. आतून पातळ सुती मोजे घातलेस तर घामाचं मीठही चामड्यात फारसं उतरणार नाही.

दर महिन्याला तळव्याची शिवण बघ. उसवली असेल तर चर्मकाराकडून शिवून घे. चामडंच विरलं असेल, तर ते मोजे गाडीवर वापरू नकोस, नवे घे.

तुझे आजोबा