मचाणाची पहिली दोरी

भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपणांस शिकार ही राजेरजवाड्यांची चैन वाटेल. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाची शिकार गुन्हा ठरली. मग प्रश्न मिटला काय?

मचाण बांधायचे, आमिषाला रेडा बांधायचा, हाका घालायचा. गोळी सर्वांत शेवटी. धम्म प्राणिहत्येची पाच अंगे सांगतो: प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, मारण्याची चेतना, प्रयत्न आणि मृत्यू. म्हणजे मचाणाची पहिली दोरी आवळतानाच मन हत्येच्या वाटेला लागते. पोटासाठी हाका घालणारा आणि मौजेसाठी नेम धरणारा यांची चेतना सारखी नसते.

गल्लीतल्या कुत्र्यावर गंमत म्हणून दगड उचलणाऱ्या मुलात मात्र त्या नेमबाजाचीच चेतना असते. तो दगड खाली ठेववा. पहिल्या शीलाचे पालन घरात तेथूनच सुरू होते.