मेघस्तंभ आणि वाटाड्या

रायपूरच्या एखाद्या मंडळीतील तरुणाने उद्या आपणांस सांगितले की, पाठीवर पिशवी घेऊन मी सीनायच्या ओसाड डोंगररांगेतून सहा आठवडे पायी जाणार आहे, तर वाचकहो, आपण त्याला काय सल्ला द्याल? मंडळीतील एक वडील म्हणतील, देवावर भाव ठेव आणि नीघ. प्रभूने शिष्यांना वाटेसाठी भाकरी, झोळी, कंबरेला पैसे असे काहीच घेऊ दिले नव्हते (मार्क ६:८). दुसरे म्हणतील, आधी बसून खर्चाचा हिशेब कर. बुरूज बांधणाऱ्याचा दाखला प्रभूनेच दिला आहे (लूक १४:२८). दोघांच्याही मुखी शास्त्रवचनच आहे. मग योजना करणे हा अविश्वास समजावा, की योजना न करणे हा अपराध?

प्रथम वाट कशी आहे ते पाहू. सीनाय द्वीपकल्पातील तीन बेदुईन टोळ्यांनी २०१५ साली आपल्या जुन्या पायवाटा जोडून सुमारे २२० किलोमीटरचा मार्ग पदयात्रींसाठी खुला केला. २०१८ मध्ये तो आठ टोळ्यांच्या मुलखातून सुमारे ५५० किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आला. स्थानिक वाटाड्यावाचून तेथे जाता येत नाही. परंपरेने मोशेचा पर्वत मानला जाणारा जबल मूसा २,२८५ मीटर उंच आहे, आणि हिवाळ्यात त्या उंचीवर रात्री पाणी गोठते. तळ्यांच्या गावी राहणाऱ्या आपणां रायपूरकरांना मे महिन्याचा ताप ठाऊक असतो, पण पाणीच नसणे ठाऊक नसते. वाळवंटात चालणाऱ्याला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. तीन दिवस विहीर लागणार नसेल, तर अन्न आणि अंथरूण बाजूला ठेवूनही बारा ते पंधरा किलो ओझे झाले.

आता पहिल्या वडिलांच्या वचनाकडे वळू. झोळी न घेता निघालेले शिष्य उपाशी राहणार नव्हते. ते गालीलातील घराघरांत जेवणार होते. म्हणजे ओझे नाहीसे झाले नव्हते, ते यजमानाने उचलले होते. तो यजमान राजी होता, आणि शिष्यही त्याच्या दारी रिकाम्या हातांनी येत नव्हते. पुढे त्याच प्रभूने त्याच शिष्यांना झोळी व पिशवी बरोबर घेण्यास सांगितले (लूक २२:३६), हे आपण सोयीने विसरतो. जेथे घरेच नाहीत, तेथे मी न नेलेले पाणी कोणाच्या तरी पखालीतून येणार. मी वाट चुकलो तर रात्री कंदील घेऊन दरीत उतरणार तो वाटाड्या, आणि त्याचीही मुलेबाळे असतात. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो, ती पुष्कळदा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेले गाठोडे असते. अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकण्यास सुचविले, देवदूत झेलतील अशी हमीही दिली. प्रभूने ती सूचना देवाची परीक्षा पाहणे म्हणून नाकारली.

याच मुलखातील एक प्रसंग गणनाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि त्यावर उपदेश क्वचितच ऐकू येतात. इस्राएल लोक सीनाय सोडून निघाले तेव्हा मेघस्तंभ त्यांच्या पुढे होता. तरीही मोशे आपल्या मिद्यानी आप्ताला, होबाबाला, आमच्याबरोबर ये अशी विनंती करतो. अरण्यात तळ कोठे द्यावा हे तुला कळते, तू आमचे डोळे हो, असे त्याचे म्हणणे. होबाब एकदा नकार देतो. मोशे पुन्हा विनवितो. ज्याच्यासमोर प्रत्यक्ष मेघ चालत होता, त्याला परक्या माणसाचा सल्ला मागण्यात कमीपणा वाटला नाही! कदाचित मेघ दिशा दाखवीत असेल, आणि झुडपाखालचा झरा मात्र होबाबालाच ठाऊक असेल.

आपल्या छत्तीसगडच्या मंडळीच्या इतिहासातही असा एक प्रवास आहे. १८५७ च्या धामधुमीत रांची सोडावी लागलेले ऑस्कर लोर पुढे अमेरिकेत गेले, आणि १८६८ मध्ये रायपूरला येऊन त्यांनी विश्रामपूरची वसाहत उभी केली. रेल्वेचे रूळ तेव्हा नागपूरलाच संपत. पुढचा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता बैलांचा आणि गाडीवानांचा. आपण लोरसाहेबांच्या विश्वासाविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण नदीचा उतार कोठे आहे हे सांगणाऱ्या गाडीवानाचे स्मरण आपण करीत नाही.

अर्थात योजनेचाही अतिरेक होतो. उद्याची तरतूद म्हणून राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. शहरातील सुखवस्तू प्रवासी इतके सामान बांधतो की ते वाहण्यास दोन उंट लागतात, आणि मग उंटवाल्याच्या मजुरीत घासाघीस करतो. अशाची यादी कितीही बिनचूक असली, तरी तिच्यात दुसऱ्या माणसाला जागा नसते.

तेव्हा त्या तरुणाने आपल्या यादीत पाण्याबरोबर पाण्याचे मोलही लिहावे. मोशेने अदोमाच्या राजाकडे वाट मागितली तेव्हा सांगितले होते की, आम्ही शेतांतून जाणार नाही, विहिरींचे पाणी पिणार नाही. आणि आम्ही किंवा आमची गुरे प्यालीच, तर त्याचे पैसे देऊ (गणना २०:१७-१९). वचनदत्त देशाकडे निघालेल्या लोकांनी वाटेतील विहिरीवर हक्क सांगितला नाही. अदोमाने तरीही नकार दिला, आणि शस्त्रे घेऊन आडवा आला. इस्राएल लोक तेथून वळले, आणि लांबच्या वाटेने गेले.