कारण आणि निमित्त

संकट कोसळले की मनुष्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'हे कोणामुळे झाले?' असा. 'हे कसे झाले?' हा प्रश्न उशिरा येतो आणि पुष्कळदा येतच नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते, कारण दोषी ठरवावयास जवळपास कोणीतरी नेहमीच उभा असतो. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यास कष्ट, वेळ आणि मनाचा निर्मळपणा लागतो. या दुसऱ्या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा करण्याची रीत म्हणजे विज्ञानाची संशोधनपद्धती. ती केवळ प्रयोगशाळेपुरती आहे, की आपल्या सदसद्विवेकबुद्धीवरही तिचा काही हक्क आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील कुटुंबांना ही रीत अगदीच अपरिचित नाही. फौंड्रीत वाळूचा साचा बनतो, भट्टीतील रस त्यात ओतला जातो आणि थंड झालेले कास्टिंग तपासणीला जाते. एखाद्या पाळीत ब्लोहोलमुळे बरेच नग रिजेक्ट झाले, तर त्या पाळीच्या मोल्डरकडे बोट दाखविणे सर्वांत सोपे. जाणता फोरमन तसे करीत नाही. वाळूत ओलावा किती होता, साच्यातून वायू बाहेर पडावयास वाट होती का, रस पुरेसा तापला होता का, हे तो पाहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो आणि पुन्हा ओतून पाहतो. ओल्या वाळूचा दोष माणसाच्या माथी मारला, तर माणूस बदलूनही नग वाया जातच राहतात. कारण शोधणे आणि अपराधी शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

याच भेदाचे फार मोठे उदाहरण कऱ्हाडच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कुशीत आहे. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. भूकंप धरणामुळेच झाला असे कित्येकांनी म्हटले. धरणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे सांगणारेही तितकेच ठाम होते.

एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानू नये, हा तर्कशास्त्राचा धडा सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या आरंभीच गिरवावा लागतो. कोयनेत तर भूकंपमापक यंत्रेच पाणी साठू लागल्यावर बसविलेली. त्याआधी बारीक धक्के बसत होते की नाही, याची यंत्रनोंद नव्हती. तेव्हा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या शेजारी शेजारी मांडली. पावसाळ्यात पाणी चढल्यानंतर धक्के वाढतात, असे दिसू लागले. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता अशा जलाशयांच्या नोंदींशी कोयनेची तुलना केली. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ पासून प्रत्यक्ष प्रयोगच झाला. खडकात पाणी दाबून भरले की धक्के वाढत, दाब कमी केला की ते ओसरत. कोयनेच्या खोऱ्यात माणसे राहतात. तेथे असा प्रयोग करून पाहणे नीतीला धरून झाले नसते. तेथे धीराने नोंदी ठेवणे हाच मार्ग होता.

या परिश्रमांतून जे हाती आले ते दोन्ही पक्षांना थोडे अडचणीचे होते. खडकांतील ताण धरणाने निर्माण केलेला नाही; भूपट्टांच्या हालचालींमुळे तो दीर्घकाळ साठत आलेला आहे. मात्र जलाशयाचा भार पडला, पाणी भेगांतून खोल झिरपले आणि खडकांची परस्परांवरील पकड सैल झाली. आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. साठलेला ताण हे कारण आणि पाणी हे निमित्त.

हा शोध संपलेला नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाची येथे संशोधन केंद्र उभारले आणि कोयना परिसरात खोल विवरे घेतली. गोठणे येथील विवर २०१७ साली ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बसॉल्ट, त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट. खडकाच्या भेगांत साचलेली खनिजे पाहून तेथून कधीकाळी पाणी वाहिले होते, हे अभ्यासकाला कळते. या खडकांतील सूक्ष्म जीवांच्या डीएनएचाही अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासात पहिली काळजी घ्यावी लागते ती स्वतःची. सापडलेला जंतू खडकातला, की खोदताना वापरलेल्या पाण्यातला, की हाताळणाऱ्याच्या हातावरचा? म्हणून नमुन्याचा बाहेरचा थर काढून आतला भाग घेतात आणि खोदकामातील द्रवाचीही तपासणी करून दोहोंची तुलना करतात. दुसऱ्याच्या दोषाचा निवाडा करण्यापूर्वी त्यात आपल्याच मनातील मळ किती मिसळला आहे हे आपण इतक्या काटेकोरपणे पाहिले, तर किती घरांतील अबोला संपेल!

भूकंपाच्या शास्त्रात धर्मग्रामांचाही एक जुना वाटा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले तेव्हा चर्चे भाविकांनी भरलेली होती. हा देवाचा कोप आहे, असे काही उपदेशक सांगू लागले. पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांनी मात्र देशभरच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली पाठविली. धक्का किती वेळ टिकला, पुढे किती धक्के बसले, समुद्र आधी चढला की ओसरला, पडझड किती झाली? धर्मगुरूंनी पाहिले तसे लिहून पाठविले आणि ती उत्तरे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. कोणाच्या पापामुळे हे झाले, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी होती, हा तर्क प्रभू येशूने नाकारला होता, याची आठवण येथे होते. परमेश्वर हे सर्वांचे आदिकारण आहे असे मानल्याने निसर्गातील दुय्यम कारणे शोधण्याची जबाबदारी टळत नाही, हे संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेने आपल्याला शिकविलेच आहे.

परंतु निमित्त म्हटले की दायित्व संपले, असे कोणी समजू नये. वाळलेल्या गवतावर ठिणगी टाकणाऱ्याला गवत मी वाळविले नाही असे म्हणून सुटता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तो कोणाच्याही इच्छेने झाला नव्हता. तरी जवळजवळ दहा हजार माणसे मेली, त्यांतील असंख्य जीव दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेले. भूकंपाचे कारण वेगळे आणि मृत्यूचे कारण वेगळे. त्या रात्री झोपी गेलेल्या शेतकऱ्याला आपली भिंत घातक आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याला दोष नाही. आज आपल्याला ते ठाऊक आहे. ज्ञान झाल्या क्षणापासून कर्तव्य सुरू होते.

हाच न्याय आपल्या घरालाही लागू आहे. थॅलेसेमियाचा गंभीर आजार घेऊन बाळ जन्माला आले, तर अजूनही कित्येक घरांत बोट सुनेकडे वळते. जनुकशास्त्र सांगते की असे मूल जन्मास येते तेव्हा सामान्यतः आई आणि वडील दोघेही त्या दोषाचे वाहक असतात. दोघेही वरकरणी निरोगी असतात, दोघांकडूनही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळाला मिळते आणि प्रत्येक गर्भधारणेत अशी शक्यता चारांत एक असते. येथे कारण आहे, पण अपराधी नाही. वाहक आहोत की नाही हे साध्या रक्ततपासणीतून समजू शकते, म्हणून विवाहापूर्वी ती करून घेणे हे वर आणि वधू दोघांचेही कर्तव्य आहे. सुनेच्या डोळ्यांतील पाणी ज्या ज्ञानाने थांबते, ते ज्ञान घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे हा अन्याय होय.

पापस्वीकारासाठी येताना आपण दुसऱ्याची नव्हे, स्वतःची पापे तपासून येतो. संशोधकही आधी स्वतःचे अनुमान तपासतो, ते चुकीचे ठरण्यास वाव ठेवतो आणि पुरावा नसेल तेथे गप्प राहतो. पुढच्या वेळी घरात, कारखान्यात वा गावात काही विपरीत घडले, तर 'कोणामुळे?' हा प्रश्न ओठांवर येताच क्षणभर थांबावे आणि 'कसे?' असे विचारावे. त्या एका क्षणाच्या संयमाने एखाद्या निरपराध माणसाची अब्रू वाचेल आणि खऱ्या कारणापर्यंत जाण्याची वाटही मोकळी होईल.