गेलेल्याच्या मागें कोणीं जावें?

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. एखादें कुटुंब उपासनेस येईनासें होतें. कधीं मुलीच्या लग्नांत जुने विधि केले म्हणून पंचांनीं त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलेलें असतें, कधीं बांधावरून भाऊबंदांत तंटा झालेला असतो, कधीं निव्वळ लाज असते. मग जाणते लोक म्हणतात, “मंदिराचें दार उघडें आहे. तो आपल्या पायांनीं गेला, आपल्या पायांनीं येईल.” हें बोलणें न्यायाचें दिसतें. प्रिय बंधुभगिनींनो, तें शास्त्राच्या उजेडांत धरून पाहूं.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत प्रभूनें तीन दृष्टांत सांगितले, आणि हरवण्याची रीत तिहींत निराळी आहे. धाकट्या पुत्रास घरची वाट ठाऊक होती. मेंढराला आपण चुकलों एवढें कळतें, पण वाट कळत नाहीं. तें ओरडत भलतीकडेच जातें, हें आपल्याकडील कोणीही धनगर सांगेल. नाण्याला तर कांहींच कळत नाहीं, आणि तें रानांत नव्हे, घरांतच हरवलें आहे. आपल्या बिनखिडकीच्या घरांत सुई पडली तर काय करावें लागतें हें आपल्या बायकांस सांगावयास नको: दिवा, केरसुणी आणि वांकलेली पाठ. जाणत्या लोकांचें म्हणणें फार तर पुत्राला लागू पडेल. आणि तेथेंही बाप त्याला दुरून पाहतांच धांवला. रागावून बाहेर राहिला तो थोरला भाऊ.

दुसरी अडचण खरी आहे. उपदेशक एक, गांवें सात-आठ. तो एकाच्या मागें हिंडूं लागला तर नव्याण्णवांनीं काय करावें? मला वाटतें, त्यांचेंही हित ह्यांतच आहे. जो मेंढपाळ एकाला सोडून देतो त्यानें बाकीच्यांना त्यांची किंमत सांगून टाकली. उद्यां आपण चुकलों तर आपल्यामागेंही कोणी येणार नाहीं, हें तीं समजून असतात. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन स्थापिलें. तेथील मुलींचा भार थोडा नव्हता. तरी १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार मुली दारीं येतील अशी वाट न पाहतां त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों मुली घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. पूर्वीच्या दुष्काळांत रमाबाईंचे आईबाप व थोरली बहीण गेलीं होतीं. उपाशी मुलगी पुण्यापर्यंत चालत येऊं शकत नाहीं, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

पंचांना माझी विनंती आहे कीं, त्यांनीं मत्तयकृत शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय पुरा वाचावा. कोणास मंडळीबाहेर ठेवावयाचें असलें म्हणजे १५ पासून १७ पर्यंतचीं वचनें वाचून पुस्तक मिटतात. पण त्यांच्या लगेच आधीं चुकलेल्या मेंढराचाच दृष्टांत आहे, आणि १५ व्या वचनांतील पहिली आज्ञा जाण्याची आहे, तीही एकट्यानें. म्हणून चौघांनीं मिळून दारांत उभें राहूं नये. बाजाराचा दिवस टाळावा. माणूस शेतांतून आल्यावर, दिवेलागणीनंतर जावें. थकलेल्या वर्गणीचा शब्द काढूं नये. भाकरी पुढें आली तर खावी.

एवढें करूनही तो न ऐकेल तर? त्याला जकातदारासारखा समजावें, असें १७ व्या वचनांत आहे खरें. परंतु प्रभूनें जकातदारांना कसें वागविलें? मत्तय जकातनाक्यावर बसलेला असतांच बोलाविला गेला. यरीहोंत जक्कय उंबराच्या झाडावर होता, तेव्हां प्रभूनें त्याच्या घरीं उतरण्याचें आधीं सांगितलें. अर्धें द्रव्य गरिबांस देण्याची आणि अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याची गोष्ट जक्कयाच्या तोंडून मागून निघाली.