दोन दिवसांची मुंबई

बसू नका, उभेच राहा. हा कागद कोणाच्या अक्षरातला आहे ते मला कळतं, तेव्हा एकमेकांकडे बघायची गरज नाही. वर ठळक मथळा, 'मुंबई टूर, 2 दिवस'. खाली एकवीस ठिकाणं. मागच्या पानावर खाण्याची निराळी यादी. बारावीची परीक्षा दिलेली पोरं तुम्ही, आणि मला म्हणता, 'सर, फक्त एक नजर टाका.' टाकली नजर. आता ऐकून घ्या.

रविवारी सकाळी कान्हेरी, दुपारी गेटवे, मग जुहू, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर 'सनसेट'. का रे भो, मुंबईचा नकाशा कोणी उघडला होता का? ते शहर उत्तर-दक्षिण लांबट पट्टीसारखं पसरलंय. कान्हेरी त्या पट्टीच्या वरच्या अंगाला, बोरिवलीच्या जंगलात. गेटवे पार खालच्या टोकाला. नुसतं बोरिवली ते चर्चगेट लोकलने तासभर धरा. त्याआधी उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत आत जायचं आणि परत यायचं, ते वेगळंच. गेटवेवरून पुन्हा वर जुहूला आणि जुहूहून पुन्हा खाली मरीन ड्राइव्हला! त्यात रविवार. रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक घेतात, गाड्या उशिराने धावतात, काही धावतच नाहीत. म्हणजे तुमचा निम्मा दिवस लोकलच्या दांड्याला लोंबकळण्यात जाणार आणि इथे येऊन सांगणार, मुंबई पाहिली.

सोमवारी घारापुरी लिहिलंय. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं उद्यानही सोमवारी बंद, म्हणजे कान्हेरी पुढे ढकलू असं मनात आलं असेल तर तेही विसरा. नाश्त्याला माटुंग्याचं कॅफे मद्रास, तेसुद्धा सोमवारी बंद. तुमच्या यादीतला सोमवार म्हणजे कुलपांचं प्रदर्शन आहे! ज्याच्या व्हिडिओवरून हे उतरवलंत, त्याने वार सांगितला नसेल. तुम्ही का विचारला नाही? परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणारा निदान प्रश्न तोच आहे की नाही हे तरी बघतो.

आता गाडीचं बघू. भुसावळहून रात्री बसणार, तिकीट सीएसएमटीपर्यंत. चांगलं. राहणार कुठे? डोंबिवलीला, मामांकडे. अरे, मग गाडी वाटेत कल्याणला थांबते ना? डोंबिवली तिथून दुसरं स्टेशन. तुम्ही मात्र डोंबिवली ओलांडून पन्नास किलोमीटर पुढे जाणार आणि पाठीवर पिशव्या घेऊन तेवढंच परत येणार. परतीची गाडी तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून आहे. ते कुर्ल्याला आहे, सीएसएमटीला नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं, हात वर करा. एकही नाही. शिवाय ते तिकीट वेटिंगवर. चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं, मग काय टर्मिनसच्या फरशीवर झोपणार? गाडी कल्याणला थांबत असेल तर बोर्डिंग स्टेशन आत्ताच बदलून घ्या आणि दुसऱ्या गाडीत जागा आहे का तेही बघा.

हे सगळं सुधारता येईल. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. या एकवीस ठिकाणांत तुमचं म्हणून एकही नाही. हीच यादी सोलापूरचा पोरगाही लिहील, इंदूरचाही लिहील.

तुमच्यातले दोघे फैजपूरचे ना? 1936 च्या डिसेंबरात तुमच्या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि बांबूचा मंडप सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले होते. हे तुम्ही निबंधात दरवर्षी लिहिता. पण काँग्रेसची पहिली बैठक कुठे भरली? 28 डिसेंबर 1885, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा. प्रतिनिधी बहात्तर. खरं तर ती पुण्यात व्हायची होती, तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईत हलवली. ती जागा गोवालिया टँकपाशी. समोरच्याच मैदानात 8 ऑगस्ट 1942 ला 'चले जाव'चा ठराव झाला. तिथून गांधीजी राहायचे ते मणिभवन पायी जाण्याइतकं, आणि आणखी खाली उतरलात की गिरगाव चौपाटी, जिथे 1920 मध्ये लोकमान्य टिळकांना अग्नी दिला. फैजपूरच्या पोरांनी मुंबईला जायचं आणि यातलं काहीच यादीत नाही! त्याऐवजी काय आहे, तर एका उद्योगपतीच्या बंगल्याचं फाटक. बाहेरून.

आणि लोअर परळचा मॉल. त्याच्या नावातच मिलचं नाव आहे, ते कोणाला खटकलं का? तिथे कापड गिरणी होती. खानदेशात कापूस पिकतो हे पाठ करता, पण तो जायचा कुठे? 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईने मोठमोठ्या इमारती बांधल्या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. तो प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आईच्या नावाने उभा करवला. त्या दगडांत आपल्या काळ्या मातीचाही पैसा असेल. तुमच्या कागदावर टॉवर आहे, पण पुढे लिहिलंय 'फोटो पॉइंट'.

तर हे खोडा. रविवारी फक्त दक्षिण टोक. सामान डोंबिवलीला ठेवून सीएसएमटीला उतरा. स्टेशनाची इमारत बाहेरून नीट बघा, 1888 मध्ये पुरी झालेली आहे. मग पायी हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांची नावं तिथे आहेत, ती वाचल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला टॉवर आणि हायकोर्टाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरं. या दोन्हींना मिळून 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. एप्रिलचं ऊन आहे, आपल्यासारखं कोरडं नव्हे, घामाने भिजवणारं. म्हणून भर दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढा. कलतं ऊन झालं की गेटवे, आणि अंधार पडायच्या आत मरीन ड्राइव्ह. सगळं एकमेकांना लागून आहे, तिथे हिंडताना रेल्वेच्या मेगाब्लॉकशी संबंध नाही. सोमवारी गोवालिया टँक, मणिभवन, चौपाटी, संध्याकाळी दादर. मणिभवन कधी उघडतं ते आधी फोन करून विचारा. बाकी सतरा-अठरा ठिकाणं राहतील. राहू द्या.

खाण्याची यादी तर निव्वळ अधाशीपणा आहे. एका दिवसात मिसळ, फ्रँकी, पावभाजी, थाळी, बिर्याणी आणि वर फालुदा. पोट एक, लेकानो! जिथे असाल तिथलं खा. सीएसएमटीहून थोडं चाललात की धोबी तलावाला कयानीचं इराणी हॉटेल आहे, 1904 पासूनचं. चहा, बनमस्का घ्या आणि निघा. रविवारी फोर्टातली कचेऱ्यांवर चालणारी बरीच हॉटेलं बंद असतात, म्हणून कयानी सोडून पुढे गेलात तर उपाशी हिंडाल. दादरला मामा काणे आहेत, 1910 पासूनचे, तिथे बटाटेवडा खा. चीज घातलेलं जे काही लिहिलंय ते जळगावातही मिळतं, त्यासाठी सव्वाचारशे किलोमीटर जायला नको. गाडीत मात्र घरची शिदोरी, कळण्याची भाकरी आणि ठेचा. लाज कसली वाटते?

शेवटचं. मामांना विचारलं का? 'पोहोचल्यावर सांगू.' वा! सहा जण, डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा, आणि पहाटे दारात उभे राहणार. नवीन कागद परवा मला दाखवायचा, प्रत्येक ठिकाणासमोर वार आणि वेळ लिहून. फोन मात्र आत्ता, माझ्यासमोर लावायचा. मामांना नको, मामींना. स्वयंपाक त्यांना करायचाय.